'सिबिल दुरुस्त करून देतो' ही जाहिरात छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

तुमच्या पेपरात रविवारच्या छोट्या जाहिरातींच्या पानावर गेले कित्येक महिने एक चौकोन येतोय, 'सिबिल खराब? ७ दिवसांत स्कोअर ७५० प्लस, लोन गॅरंटीड', आणि खाली एक मोबाईल नंबर. (सिबिल म्हणजे आपण कर्ज कसं फेडतो यावरून काढलेला स्कोअर, जो बघून बँक कर्ज द्यायचं की नाही ठरवते.) तुमच्याकडे ढिगाने जाहिराती येत असणार, प्रत्येकीची शहानिशा करणं जमत नसेल हे समजू शकते, पण या एका जाहिरातीबद्दल मला बोलायचंच आहे, कारण त्या नंबरवर आमच्या घरातून फोन गेला आणि ९ हजार रुपये गेले. पैशांपेक्षा जास्त नुकसान दुसरंच झालं, ते पुढे सांगते.

माझ्या धाकट्या दिराची गोष्ट आहे. नोकरी चांगली, पगार वेळेवर, घरासाठी कर्ज काढायचं ठरलं, बँकेत फाईल टाकली आणि चार दिवसांनी उत्तर आलं की सिबिल बसत नाही. स्कोअर ६१८. का बसत नाही ते कोणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही, लाज वाटली त्याला. मराठीत पत या शब्दाला कर्जाचा अर्थ आहे तसा अब्रूचाही आहे, त्यामुळे बँकेने नाही म्हटलं की माणसाला चारचौघांत मान खाली गेल्यासारखं होतं, आणि नेमकं हेच ओळखून ही जाहिरातवाली मंडळी बसलेली असतात. घरात कोणाला न सांगता त्याने फोन लावला. समोरच्याने पॅन मागितलं, आधार मागितलं, दोन-तीन वेळा ओटीपी विचारला, ९ हजार आधीच भरून घेतले आणि मग आठ दिवस 'प्रोसेसमध्ये आहे', नंतर 'सर्व्हर डाऊन आहे', नंतर फोन उचलणंच बंद.

तेव्हा तो माझ्याकडे आला, म्हणाला, वहिनी, तुम्ही जरा बघता का. मी एका कंपनीत अकाउंट्सला आहे, २० वर्षं स्टेटमेंटं जुळवण्यातच गेली, कागद समोर आला की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. त्याला पहिला प्रश्न विचारला की तू तुझा रिपोर्ट बघितलास का, तर नाही. स्कोअरचा आकडा तेवढा बँकेतल्या माणसाच्या तोंडून ऐकलेला, त्याच्यामागे सात-आठ पानांचा रिपोर्ट असतो आणि तो आपल्याला फुकट मिळतो हे त्याला माहीतच नव्हतं. माझ्या ऑफिसातही हीच तऱ्हा आहे, आणि शिकलेली माणसं आहेत सगळी.

रात्री सगळं आवरल्यावर आम्ही तो रिपोर्ट डाऊनलोड करून प्रिंट काढून बसलो. प्रत्येक कर्जाच्या आणि कार्डाच्या खाली छोटे छोटे चौकोन असतात, मागच्या ३६ महिन्यांचे, एका महिन्याला एक चौकोन. हप्ता वेळेवर गेला असेल तर तिथे ०००, किंवा काही बँका एसटीडी (स्टँडर्ड, म्हणजे खातं नीट चालू) असं लिहितात, आणि उशीर झाला असेल तर किती दिवसांचा ते. दिराच्या एका जुन्या क्रेडिट कार्डाची ओळ मी पेन्सिलीने वाचत गेले, ०००, ०००, ०००, ०२८, ०५९, ०९०, आणि वर खात्याच्या नावापुढे एक शब्द, सेटल्ड. तो म्हणाला, हे तर मिटवलंय मी वहिनी, लेटर आहे माझ्याकडे. झालं असं होतं की मधे पाच-सहा महिने त्याची नोकरी गेलेली, कार्डाचं बिल तुंबलं, वसुलीवाल्यांचे दिवसाला दहा फोन, शेवटी एकाने सांगितलं की एवढे भरा, उरलेले सोडतो, विषय संपला. याने सुटकेचा निःश्वास टाकून भरले. उरलेले २२ हजार बँकेने सोडले खरे, पण रिपोर्टमध्ये सेटल्ड म्हणून नोंद केली, आणि पुढची बँक तो शब्द वाचते तेव्हा तिला एवढंच कळतं की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. क्लोज्ड, म्हणजे पूर्ण फेडून बंद, आणि सेटल्ड या दोन शब्दांत किती अंतर आहे हे वसुलीवाला फोनवर कशाला सांगेल, त्याला त्या महिन्याचं टार्गेट पूर्ण करायचं असतं.

दुसरी गोष्ट, बाईकचं कर्ज. शेवटचा हप्ता भरून, एनओसी म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला घेऊन, आरसी बुकावरचा बोजा उतरवून सगळं झालेलं आणि रिपोर्टमध्ये ते खातं अजून चालू, वर १,१८० रुपये थकबाकी. कुठला तरी दंड खात्यावर पडून राहिलेला आणि महिन्यामागून महिने ओव्हरड्यू म्हणून जात राहिलेला.

आणि तिसरी गोष्ट बघून मात्र माझ्या पोटात गोळा आला. रिपोर्टच्या शेवटी एन्क्वायरी म्हणून भाग असतो, आपण कर्जासाठी अर्ज केला की ती बँक आपला रिपोर्ट मागवते आणि त्याची तिथे नोंद राहते. तिथे एका महिन्यात सात नोंदी. तीन याने केलेले अर्ज. उरलेल्या चार कुठल्याशा लोन ॲपवाल्या कंपन्यांच्या, तारखा बघितल्या तर तो एजंटला ओटीपी देत होता त्याच आठवड्यातल्या. म्हणजे स्कोअर वाढवायच्या नावाखाली त्याच्या नावावर कर्जाचे अर्ज टाकले गेले होते, नशीब की मंजूर झाले नाहीत. एका महिन्यात इतक्या ठिकाणी हात पसरला असं दिसलं की बँकेला वाटतं हा माणूस अडचणीत आहे, आणि स्कोअर आणखी खाली येतो. पैशांपेक्षा जास्त नुकसान म्हटलं ते हे.

आता मूळ मुद्दा, आणि तो तुमच्या वाचकांपर्यंत जावा म्हणून एवढं लांबलचक लिहितेय. सिबिल हे एका कंपनीचं नाव आहे, २००० साली सुरू झाली, आणि आपल्याकडे ती पहिली म्हणून आपण सरसकट सगळ्यालाच सिबिल म्हणतो. अशा चार कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघींवर २००५ चा कायदा लागू आहे आणि रिझर्व्ह बँकेची देखरेख आहे. कर्ज द्यायचं की नाही हे या कंपन्या ठरवत नाहीत, ते बँक ठरवते. कंपन्या फक्त बँकांनी, फायनान्स कंपन्यांनी पाठवलेल्या नोंदी साठवतात आणि त्यावरून ३०० ते ९०० मधला एक आकडा काढतात. नोंद चुकली असेल तरी ती पाठवणाऱ्या बँकेने दुरुस्ती मान्य केल्याशिवाय कंपनीला स्वतःहून बदलता येत नाही. मग जी गोष्ट खुद्द सिबिलला आपल्या मनाने करता येत नाही ती जाहिरातीतला माणूस ७ दिवसांत कशी करणार? नोंद खरी असेल तर ती कोणालाच पुसता येत नाही, आणि खोटी असेल तर ती आपली आपल्याला फुकटात दुरुस्त करून घेता येते, त्यात एजंटला काही कामच उरत नाही.

फुकटात कशी तेही सांगते. चारही कंपन्यांकडून प्रत्येकी वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळण्याचा आपला हक्क आहे, २०१७ पासून. मी तर आता दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीचा काढते, म्हणजे वर्षभर लक्ष राहतं. आपला रिपोर्ट आपण बघितला म्हणून स्कोअर कमी होतो हा निव्वळ गैरसमज आहे, बँकेने कर्जाच्या अर्जासाठी मागवला तर फरक पडतो, आपण बघण्याने काही होत नाही. चूक दिसली की त्याच कंपनीच्या वेबसाईटवर डिस्प्यूट, म्हणजे चुकीच्या नोंदीची तक्रार, टाकायचा, आणि माझं मत असं की सोबत बँकेलाही लेखी ईमेल करावा, एनओसी जोडून. तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागला पाहिजे, त्यातले बँकेला २१ दिवस, आणि नाही लागला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. दुरुस्ती नाकारली तर कारण सांगावं लागतं. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, त्याला एक रुपया लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे. हा नंबर तुमच्या पेपरात त्या जाहिरातीच्या जागी छापलात तर केवढ्या लोकांचं भलं होईल. आणखी एक, कोणी आपला रिपोर्ट मागवला तर आपल्याला एसएमएस किंवा ईमेल यायला हवा असाही नियम आहे. दिराला ते मेसेज आलेच नाहीत, कारण बँकेत मोबाईल नंबर जुनाच होता. तेवढा बदलून घ्या सगळ्यांनी, आजच.

बाईकवाल्या कर्जाची नोंद आम्ही अशीच दुरुस्त करून घेतली, २४ दिवस लागले, खर्च शून्य. कार्डाचं मात्र खरं होतं, पैसे सोडले गेले होते. त्यासाठी त्याने बँकेला पत्र लिहून सोडलेले २२ हजार भरायची तयारी दाखवली, दोन-तीन चकरा झाल्या, पैसे भरले, नो ड्यूजचं पत्र घेतलं, आणि सेटल्डचं क्लोज्ड झालं. पण ०५९ आणि ०९० हे आकडे आहेत तिथेच आहेत. ते मागे सरकत सरकत जातील तेव्हा जातील, त्यावर उपाय एकच, इथून पुढचं खातं स्वच्छ ठेवणं.

आणि मुळात हे ०९० येतात कसे त्याबद्दलही लिहायला हवं, कारण क्रेडिट कार्डाचं बिल वाचता येणारी माणसं मला फार थोडी भेटली आहेत. बिलावर दोन आकडे असतात, टोटल ड्यू म्हणजे पूर्ण बिल आणि मिनिमम ड्यू म्हणजे निदान एवढे तरी भरा ही रक्कम, आणि मिनिमम भरलं की झालं असं निम्म्या लोकांना वाटतं. दिरालाही वाटायचं. समजा बिल ४० हजारांचं आहे, मिनिमम ड्यू पाच टक्के म्हणजे २ हजार, आणि व्याज महिना साडेतीन टक्के. ढोबळ हिशोब करा. ४० हजारांवर महिन्याचं व्याज १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२, झाले १,६५२. म्हणजे तुम्ही २ हजार भरले त्यातले मुद्दलात गेले फक्त ३४८ रुपये! हा हिशोब मी त्याला कागदावर करून दाखवला तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही. शिवाय पूर्ण बिल भरलं नाही की ४५-५० दिवस बिनव्याजी ही सवलत बंद होते, पुढची जी खरेदी कराल तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चालू. मिनिमम भरल्याने रिपोर्टमध्ये ००० दिसतं हे खरं आहे, म्हणूनच माणूस गाफील राहतो, रिपोर्ट स्वच्छ दिसतोय आणि खालून कर्ज वाढतंय, आणि एक दिवस नोकरीत काही गडबड झाली की तेही भरता येत नाही. ड्यू डेट एखाद-दुसऱ्या दिवसाने चुकली तर मात्र घाबरून जाऊ नका, तीन दिवस उलटल्याशिवाय बँकेला लेट फीही लावता येत नाही आणि थकबाकीदार म्हणून कळवताही येत नाही.

लिमिटचंही तसंच. आमच्या ऑफिसातली एक मुलगी, बिल दर महिन्याला पूर्ण भरते, एक दिवस चुकवत नाही, तरी स्कोअर कमी. बघितलं तर कार्डाचं लिमिट १ लाख आणि दर महिन्याला खर्च ८५-९० हजार, सगळा घरखर्च त्या एकाच कार्डावर. बँक जो आकडा कळवते तो कळवायच्या दिवशी बाकी असलेला असतो, नंतर तिने भरले ते तिथे दिसत नाही, त्यामुळे रिपोर्ट वाचणाऱ्याला ही बाई कायम लिमिटला टेकलेली दिसते. तीस टक्क्यांच्या आत वापर ठेवावा असं साधारण सांगतात. मी तिला बिल जनरेट व्हायच्या आधीच अर्धे पैसे भरून टाकायला सांगितलं. आता २०२५ पासून बँकांना महिन्यातून निदान दोनदा माहिती पाठवावी लागते, त्यामुळे फरक लवकर दिसतो, तिचा पुढच्या दीड-दोन महिन्यांत दिसला.

जामीन राहण्याबद्दल थोडक्यात लिहिते, खरं तर तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. 'फक्त एक सही हवी' असं म्हणत मित्र येतो, आपण नाही म्हणू शकत नाही. १८७२ चा करार कायदा सांगतो की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, म्हणजे बँक आधी त्याच्याकडे जाईल आणि मग जमलं तर आपल्याकडे येईल असं काही नसतं. आणि ते कर्ज आपल्याही रिपोर्टमध्ये दिसतं, त्याने हप्ते चुकवले की डाग आपल्याला. सही करायची असेल तर करा, मैत्रीत करावी लागते, पण मग दर दोन-तीन महिन्यांनी हप्ते जातायत ना हे विचारायची लाज धरू नका.

तसंच ते मोबाईलवरचं 'आत्ता घ्या, नंतर पैसे द्या'. बऱ्याच मुलांना ते कर्ज आहे हेच कळत नाही, पण त्यातली बरीचशी खाती रिपोर्टमध्ये कर्ज म्हणूनच येतात, आणि दोन-चारशे रुपये राहून गेले तरी थकबाकी ती थकबाकी. आता कर्ज देताना 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणून एक कागद द्यावा लागतो, त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर किती पडतो ते एका जागी लिहिलेलं असतं. 'आय ॲग्री' दाबायच्या आधी तेवढा एक आकडा बघा, बाकीची पानं नाही वाचली तरी चालतील.

आणि ज्यांनी आजवर कधी कर्जच घेतलं नाही त्यांच्यासाठी, कारण त्या जाहिरातीला फोन करणाऱ्यांत अशीही माणसं असतात. त्यांचा स्कोअर खराब नसतो, तो तयारच झालेला नसतो. केवळ मागचा इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे, आणि २०२५ मध्ये सरकारने संसदेतही हे सांगितलं. बायकांच्या बाबतीत मला हे फार दिसतं, आयुष्यभर घराचे हप्ते तिच्या पगारातून गेलेले असतात पण कर्ज नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, आणि उद्या तिला स्वतःला काही सुरू करायचं झालं तर कागदावर ती कोणीच नसते. कर्ज दोघं फेडणार असाल तर नावं दोघांची लावा.

संपादक महाशय, माझ्या तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. पहिली, स्कोअर वाढवून देण्याची हमी देणाऱ्या जाहिराती घेणं बंद करा. 'जाहिरातीतील मजकुराची वाचकांनी खात्री करून घ्यावी' अशी बारीक अक्षरातली ओळ पानाच्या तळाशी असते ते मला माहीत आहे, पण माझ्या दिराने ती वाचली नव्हती, तो तुमचा पेपर शाळेत असल्यापासून वाचतोय आणि तुमच्या पेपरात आलंय म्हणजे खरं असणार हीच त्याची खात्री होती. दुसरी, महिन्यातून एकदा एक कोपरा या विषयाला द्या. खरा रिपोर्ट, नावं झाकून, छापा आणि त्यातली एकेक ओळ समजावून सांगा, सेटल्ड म्हणजे काय, राइट-ऑफ म्हणजे काय, डिस्प्यूटचा फॉर्म कसा भरायचा. बँका हे सांगत नाहीत, शाळा-कॉलेजात शिकवत नाहीत, पेपरने सांगितलं तर घराघरात पोचेल.

दिराचा स्कोअर आठ महिन्यांनी, परवा बघितला तेव्हा, ६८७ होता. घराचं कर्ज अजून झालेलं नाही, बँकेतल्या बाईंनी सहा महिने थांबा म्हणून सांगितलंय आणि तो थांबणार आहे. ती चार एन्क्वायऱ्यांची नोंद मात्र रिपोर्टमध्ये तशीच आहे, त्यांच्याबद्दल तक्रार टाकलीय, सायबर पोलिसांकडेही अर्ज दिलाय. आणि गेल्या रविवारी त्याच नंबरची जाहिरात तुमच्या पानावर पुन्हा आली आहे. पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट आणि त्या माणसाचे सगळे मेसेज मी जपून ठेवलेत, तुमच्या जाहिरात विभागाला हवे असतील तर लगेच पाठवते.

आपली,
एक नियमित वाचक